दुकानाचा विमा एका दिवसात होतो, मग सोयाबीनला सरकार का लागतं?

प्रश्न परभणी जिल्ह्यातून आला आहे. विचारणाऱ्यांचं गावात कृषी सेवा केंद्र आहे आणि बारा एकर कोरडवाहू सोयाबीन. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "दुकानाचा आगीचा आणि चोरीचा विमा एका दिवसात झाला, सरकारचं नावही निघालं नाही. सोयाबीनच्या विम्यात मात्र केंद्र, राज्य, कंपनी, पोर्टल, सगळेच. तरी २०२५ च्या सप्टेंबरात ओढ्याकाठची माझी चार एकरं वाहून गेली आणि हातात रुपया आला नाही. मग हा विमा आहे की अनुदान? आणि पैसे सरकारच भरणार असेल तर कंपन्या मधे कशाला?"

मी एकतीस वर्षं सामान्य विम्यात काढली. पहिली चौदा आगीच्या विभागात, कुणाची जोखीम घ्यायची आणि किती हप्त्याला हे ठरवण्याच्या टेबलावर. पुढची सगळी पीक विम्यात, त्यातली बरीचशी मराठवाड्यात. तुमचा प्रश्न मला गावोगावच्या सभांमध्ये शेकडो वेळा विचारला गेला आहे आणि दरवेळी दहा मिनिटांत अर्धवट उत्तर देऊन निघावं लागलं. आज नीट लिहिते.

दुकानापासून सुरुवात करू. समजा तुमच्यासारखी एक हजार दुकानं महाराष्ट्रभर विखुरलेली आहेत, प्रत्येकाचा विमा २० लाखांचा, आणि वर्षाला दोनशे दुकानांमागे एक पूर्ण जळतं. (खरा धोका यापेक्षा बराच कमी असतो, हिशेब सोपा जावा म्हणून हा आकडा.) म्हणजे वर्षाला साधारण पाच दुकानं, एक कोटी रुपये. हजार जणांत वाटले की प्रत्येकी दहा हजार, वर कंपनीचा खर्च आणि नफा. एखाद्या वर्षी पाचाऐवजी आठ जळतील, एखाद्या वर्षी दोनच. एकाच वर्षात दहा किंवा जास्त जळणं हे तीसेक वर्षांतून एखाद्या वेळचं. थोडी गंगाजळी ठेवली की कंपनीला हा चढउतार पचतो.

हे जमतं, कारण परभणीतलं दुकान जळलं म्हणून कराडचं जळत नाही. एकाचं दुर्दैव दुसऱ्याच्या दुर्दैवाशी बांधलेलं नाही. शिवाय आग लागली की नाही यावर वाद नसतो. सर्व्हेअर येतो, जळकं गोदाम बघतो, स्टॉक रजिस्टर आणि खरेदीची बिलं मागतो, दोन-तीन फेऱ्यांत नुकसान आकड्यात येतं. मुद्दाम दुकान पेटवणारा एखादा असतो, पण विम्याची रक्कम मालाच्या किमतीपेक्षा जास्त ठेवली नसेल तर त्यातून त्याला काही सुटत नाही. आणि वीस लाखांच्या दाव्यासाठी सर्व्हेअरची फी, त्याचा प्रवास, ऑफिसातली कागदपत्रं हे सगळं परवडतं. पाहणी परवडण्याचा हा मुद्दा पुस्तकांत एका ओळीत उरकतात. माझ्या अनुभवात पीक विमा सर्वांत जास्त अडखळतो तो इथेच. त्याकडे परत येते.

आता हीच हजार माणसं तुमच्या जिल्ह्यातले सोयाबीनवाले समजा. ऑगस्टमध्ये शेंगा भरायच्या वेळी पावसाने तीन आठवडे ओढ दिली. हजारातल्या पाच जणांचं पीक गेलं असं होत नाही, आठ-नऊशे जणांचं जातं. पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला तर कुणाचंच जात नाही. हजाराचे एक लाख शेतकरी केले तरी उपयोग नाही, कारण आभाळ सगळ्यांना एकच. शेजारचे जिल्हे घ्या, विदर्भ जोडा, तरी मान्सून तोच. मराठवाड्याने २०१२ पाहिलं, मग लागोपाठ २०१४ आणि २०१५ पाहिलं, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यायची वेळ आली. दुकानांच्या गणितात संख्या वाढवली की अनिश्चितता घटते. इथे संख्या वाढवली की फक्त एका दिवशी येणारा दावा मोठा होतो.

म्हणून असा विमा अशक्य ठरतो असं नाही, तो महाग होतो. पाच वर्षांतून एकदा पीक पूर्ण जाणार असेल तर नुसत्या नुकसानीचाच हप्ता शंभराला वीस. त्यातून दुष्काळ पहिल्याच वर्षी पडला तर चार वर्षांचा हप्ता अजून जमलेलाच नाही. तेवढं भांडवल कंपनीने बाजूला काढून ठेवायचं म्हटलं तर त्या भांडवलाची किंमतही हप्त्यावरच चढते. यासाठी पुनर्विमा असतो, म्हणजे विमा कंपनीने स्वतःसाठी घेतलेला विमा. आपल्याकडे सरकारी मालकीची जीआयसी री आणि काही परदेशी पुनर्विमा कंपन्या हा धोका घेतात आणि आपला दुष्काळ दुसऱ्या खंडातल्या वादळांबरोबर एका टोपलीत टाकतात. त्याने भार हलका होतो, नाहीसा होत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला शंभराच्या पिकावर पंधरा-वीस रुपये हप्ता झेपत नाही. ज्याला झेपतो त्याच्याकडे विहीर असते, आणि त्याला या विम्याची गरजही कमी असते.

इथे सरकार येतं. कंपनीला दरवर्षी ३१ मार्चला ताळेबंद मिटवावा लागतो. सरकार मात्र वाईट वर्षी कर्ज काढून चांगल्या वर्षांत ते फेडू शकतं, मुंबई-पुण्यात जमणारा कर परभणीच्या दुष्काळाला लावू शकतं. जी जोखीम एका वर्षात आणि एका भागात पसरवता येत नाही, ती अनेक वर्षांत आणि सगळ्या करदात्यांत पसरवण्याची ताकद फक्त राज्यसंस्थेत असते. सरकारी विम्याचं समर्थन मी करते ते प्रामुख्याने या एका कारणासाठी. 'गरिबाला स्वस्तात विमा' हा त्याचा परिणाम असू शकतो, कारण नव्हे.

तुमच्या दुकानाची पॉलिसी काढा आणि अपवादांचं पान बघा. युद्ध आणि अणुकिरणोत्सर्ग यांचं नुकसान त्यात धरलेलं नाही, असं तिथे लिहिलेलं असेल. कारण तेच: बाँब पडतात तेव्हा सगळ्यांवर पडतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मालाचा युद्ध-जोखीम विमा स्वतः चालवला, आणि १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी भारत सरकारने माल आणि कारखान्यांसाठी आणीबाणी जोखीम विम्याचे कायदे केले. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेलं जहाज फुटलं. आगीच्या पॉलिसीत असं नुकसान बसतं का, असा पेच पडला. शेवटी सरकारने अध्यादेश काढून भरपाईची जबाबदारी स्वतःवर घेतली. व्यापाऱ्यांची कित्येक गोदामं त्या भरपाईवर पुन्हा उभी राहिली.

बँकेतल्या ठेवींचंही असंच. एक बँक बुडाली की लोक शेजारच्या बँकेपुढे रांग लावतात आणि त्या रांगेनेच ती चांगली बँकही बुडते. अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये कोसळल्या, त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेव विमा आला. तेव्हा संरक्षण होतं दीड हजार रुपयांचं. २०२० पासून ते पाच लाख आहे आणि हप्ता बँक भरते, शंभर रुपये ठेवीमागे वर्षाला जास्तीत जास्त बारा पैसे. या विम्याची गंमत अशी की तो असल्यामुळेच रांग लागत नाही, म्हणजे विमा असणं हेच धोका कमी करतं. पण हे फक्त सरकारच्या शब्दावर चालतं. खासगी कंपनीने ठेवींचा विमा दिला असता तर लोकांनी आधी त्या कंपनीपुढे रांग लावली असती.

पैसा मात्र या गोष्टीचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा म्हणजे माहिती. पिकाच्या बाबतीत ती शेतकऱ्याकडे असते, कंपनीकडे नसते. खत वेळेवर टाकलं का, कोळपणी झाली का, पीक रोगाने गेलं की दुर्लक्षाने, हे बाहेरचा माणूस बांधावर उभा राहून सांगू शकत नाही. १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ या संकरित कापसावर प्रत्येक शेताचा वेगळा विमा करून पाहिला गेला. पुढे तो आणखी काही राज्यांत आणि पिकांत नेला. १९७८ पर्यंत एकूण ३,११० शेतकरी, हप्ता ४.५४ लाख, भरपाई ३७.८८ लाख. ज्याला आपलं पीक जाणार हे ठाऊक, तोच विमा उतरवणार. आणि प्रत्येक शेताची पाहणी करायची तर पाहणीचा खर्च हप्त्याला गिळणार.

यातून वाट दाखवली ती पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनी. भारतातल्या पीक विम्याचे जनक म्हणून त्यांचंच नाव घेतात. मैसूर संस्थानात जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये पावसाच्या आकड्यावर आधारलेल्या शेती विम्याची योजना मांडली होती. एकेका शेतात शिरायचं टाळून बाहेरच्या मोजमापावर भरपाई द्यायची, ही कल्पना तिथूनच होती. दांडेकरांनी १९७६ मध्ये मांडलं ते असं: शेत मोजू नका, क्षेत्र मोजा. एका भागातल्या पिकाचं सरासरी उत्पादन घ्या. ते नेहमीपेक्षा खाली गेलं तर त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना सारख्याच टक्क्याने भरपाई द्या. कुणी आपलं शेत मुद्दाम दुर्लक्षित केलं तरी सरासरी हलत नाही, तेव्हा लबाडीला जागा उरत नाही. पाहणी हजार शेतांऐवजी दहा शेतांत. १९७९ ला या तत्त्वावर प्रायोगिक योजना सुरू झाली. १९८४ पर्यंत ६.२७ लाख शेतकरी, हप्ता सुमारे १९७ लाख, भरपाई १५७ लाख. हिशेब पहिल्यांदा जुळला.

आणि लगेच बिघडलाही. १९८५ च्या सर्वंकष पीक विमा योजनेत पद्धत दांडेकरांची ठेवली, पण हप्ता सगळीकडे एकच: तृणधान्याला २ टक्के, कडधान्य-गळिताला १ टक्का. सौराष्ट्रात पावसाच्या भरवशावरचा भुईमूग एक टक्क्यात. १९९९ पर्यंत हप्ता जमला ४०३ कोटी, भरपाई गेली २,३०० कोटींच्या आसपास, आणि त्यातली जवळपास निम्मी एकट्या गुजरातेत. तेव्हापासून माझ्या क्षेत्रात एक गोष्ट पक्की झाली. अनुदान कितीही द्या, पण जोखमीनुसार दर किती होतो तो आधी काढा, कागदावर लिहा आणि मग त्यातला किती भाग सरकार भरणार ते सांगा. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत निदान हे झालं. खरिपाला शेतकरी २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५. कंपन्यांच्या निविदेत जो दर निघेल त्यातला बाकीचा भाग केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा. दर १५ टक्के निघाला आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५६,००० असेल तर पूर्ण हप्ता ८,४००. त्यातले १,१२० तुमचे. तुमच्या 'विमा की अनुदान' या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. हप्त्यावर मोठं अनुदान आहे, पण भरपाई कुणाच्या मर्जीवर अवलंबून नाही, मोजमापावर आहे.

आता मोजमाप. ते डोळ्यांपुढे आणल्याशिवाय तुमच्या चार एकरांचं काय झालं ते कळायचं नाही.

तुमच्या महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांचा गट) सोयाबीनचे दहा पीक कापणी प्रयोग होतात. गावं आणि गट क्रमांक यादृच्छिक आकड्यांनी निवडलेले असतात. चांगलं शेत, वाईट शेत असं बघून निवडायचं नसतं. शेतात गेल्यावरही प्लॉट कुठे टाकायचा ते आकड्यांवरच ठरतं: इतकी पावलं लांबीला, इतकी रुंदीला. तिथे पहिली खुंटी. मग दहा मीटर बाय पाच मीटर. चौकोन तिरका झाला तर क्षेत्रफळ घटतं, म्हणून कर्ण मोजायचा, तो ११.१८ मीटरच भरला पाहिजे. सुतळी ओढली की तिच्या आत ज्याचं मूळ आहे तेवढंच झाड कापायचं. ताडपत्रीवर मळणी, पाखडणी, वजन, फोटो, मोबाइल ॲपवर नोंद.

असाच एक ऑक्टोबर मला लख्ख आठवतो. कृषी सहायक (हल्ली पदनाम सहाय्यक कृषी अधिकारी) तीन गावांचा भार सांभाळणारा तरुण, कंपनीचा प्रतिनिधी हंगामापुरता घेतलेला पोरगा, शेतमालक, त्यांचे चुलते आणि मी. वजनकाट्याने ५.४ किलो दाखवलं. पन्नास चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग, तेव्हा हेक्टरी १,०८० किलो. चुलते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, चार लिहिलं तर पाच गावांचं भलं होईल." पलीकडे तो पोरगा सहायकाच्या कानात सांगत होता, की सुतळीबाहेर काही झाडं राहिलीत, तीही धरा. दोघेही एकाच अर्ध्या-एक किलोला दोन बाजूंनी ओढत होते. सहायकाने काटा सगळ्यांना दिसेल असा ताडपत्रीच्या मधोमध ठेवला, सोयाबीन पुन्हा ओतलं, पुन्हा ५.४ आलं, आणि त्याने तेच लिहिलं. त्या तरुणाबद्दल मला आजही आदर वाटतो.

अर्ध्या किलोची किंमत किती? गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेतात. ती १,४३० किलो आली आणि जोखीमस्तर, म्हणजे त्या सरासरीचा विम्याने हमी दिलेला भाग, ७० टक्के असेल, तर उंबरठा उत्पादन साधारण १,००० किलो. मंडळाची यंदाची सरासरी त्याच्या जितके टक्के खाली, तितके टक्के भरपाई. समजा मंडळात ८,००० हेक्टर सोयाबीन विमा संरक्षित आहे आणि सरासरी उंबरठ्याखाली गेली आहे. दहापैकी एका प्लॉटात अर्धा किलो जास्त लिहिला गेला, की मंडळाची सरासरी हेक्टरी १० किलोने वर जाते, म्हणजे १ टक्का, म्हणजे हेक्टरी ५६० रुपये. आठ हजार हेक्टरना मिळून ४४ लाख ८० हजार. एका शेतातला अर्धा किलो. एवढा पैसा ज्या काट्यावर फिरतो तो काटा आपण तीन गावं सांभाळणाऱ्या एका माणसाच्या पिशवीत ठेवला आहे.

यातूनच आणखी दोन गोष्टी निघतात आणि त्या शेतकऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. एक, उत्पादन १,४३० वरून १,००० वर आलं, म्हणजे तीस टक्के पीक गेलं, तरी भरपाई शून्य. पहिले तीस टक्के तुमचेच. योजनेत ७०, ८० आणि ९० असे जोखीमस्तर आहेत, आपल्याकडे ७० धरला जातो. माझ्या मते कोरडवाहू भागात तो ८० हवा. हप्ता वाढेल, पण शेतकऱ्याचं कर्ज थकतं ते नेमकं त्या मधल्या दहा टक्क्यांत. दुसरी गोष्ट ओल्या वर्षाची. काढणीत पाऊस लागला की दाणा ओला आणि जड असतो. तो नीट वाळवून वजन केलं नाही तर उत्पादन फुगतं. आणि डागी, कोंब फुटलेलं सोयाबीन बाजारात कवडीमोल गेलं, तरी काट्यावर ते वजन भरतंच. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात अनेकांचं असं झालं असणार. उपग्रहाच्या मदतीने काढलेल्या उत्पादनालाही आता ठरावीक भार दिला जातो. त्याने काट्यावरचा दाब कमी होईल, म्हणून मी त्याच्या बाजूची आहे, पण दाण्याची प्रत उपग्रहालाही दिसत नाही.

आता तुमची ओढ्याकाठची चार एकरं. मंडळातली माळाची शेतं वाचली, सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली आणि तुम्हाला शून्य मिळालं. क्षेत्र मोजण्याच्या पद्धतीचं हे दुखणं दांडेकरांच्या वेळेपासून ठाऊक आहे. त्यावर इलाज म्हणून योजनेत स्थानिक आपत्तीचं कलम होतं: गारपीट, ढगफुटी, शेतात पाणी साचणं. ७२ तासांत कळवायचं, मग शेताची वैयक्तिक पाहणी. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने हे आणि इतर जादा कलमं काढून टाकली. भरपाई आता फक्त मंडळाच्या सरासरी उत्पादनावर.

हे मला पटलेलं नाही. विम्याच्या मूळ तत्त्वाने पाहिलं तर ओढा फुटून चार एकर जाणं किंवा एका शिवारात गारा पडणं ही दुकानाच्या आगीसारखी जोखीम आहे. एकाचं जातं, शेजाऱ्याचं राहतं. विमा ज्यासाठी जन्मला ती हीच. आपण मात्र सगळ्यांवर एकदम कोसळणारी, विम्याला सर्वांत अवघड जोखीम ठेवली आणि सर्वांत सोपी काढली. कारण मला माहीत आहे, कारण मी त्या कामात होते: लाखो सूचना, प्रत्येकी एक-दोन एकर, दहा दिवसांत पाहणी, आणि ती करायला माणसं नाहीत. एका दाव्याची भरपाई चार हजार आणि पाहणीला तेवढाच खर्च. कुठे बांधावर न जाताच फॉर्म भरले गेले, कुठे नुकसान नसताना सूचना आल्या. दुकानाच्या बाबतीत पाहणी परवडते म्हणाले होते, ते यासाठी. पण कलम काढून टाकणं हे उत्तर नाही. ओढ्या-नदीकाठचे गट आधीच वेगळे नोंदवा, पुराचा उपग्रह नकाशा लावा, आणि पाण्याखाली किती दिवस राहिलं त्यावर ठोक रक्कम द्या. माणूस पाठवायची गरजच कमी होते.

एक रुपयाच्या विम्याबद्दल फार लिहीत नाही. २०२३ च्या खरिपात राज्याने शेतकऱ्याचा हिस्साही स्वतः भरायचं ठरवलं आणि अर्ज एक कोटी सत्तर लाखांच्या घरात गेले. अर्जामागे सेवा केंद्रचालकाला चाळीस रुपये मिळत होते आणि अर्जदाराचा खर्च एक रुपया. देवस्थानांच्या, शासकीय, अकृषक जमिनींवर विमा उतरलेला निघाला. शेतकरी लबाड झाला असा याचा अर्थ काढणं अन्यायाचं आहे. बरेचसे अर्ज तर शेतकऱ्यांनी भरलेलेच नव्हते. हजार रुपये भरताना माणूस पीक कोणतं, गट कोणता, क्षेत्र किती हे दोनदा तपासतो. एका रुपयाला कुणी तपासत नाही, ना भरणारा, ना भरून घेणारा. २०२५ ला ते बंद झालं ते योग्य झालं.

मग कंपन्या कशाला? प्रामाणिक उत्तर: नेहमीच लागतात असं नाही. २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्यासाठी कुणी निविदाच भरेना. तेव्हा सरकारी कृषी विमा कंपनीबरोबर ८०:११० चं सूत्र ठरलं, ज्याला पुढे बीड पॅटर्न म्हणू लागले. भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याचा. ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवायचे आणि बाकीची शिल्लक राज्याला परत. २०२२ पासून हे राज्यभर आलं. मला हे सूत्र योग्य वाटतं, कारण त्यात ज्याची ताकद जिथे आहे तिथेच त्याला ठेवलं आहे. मोठ्या दुष्काळाचा वरचा थर सरकारकडे. दर काढणं, दावे हाताळणं आणि सरकारी आकडेवारीवर संशय घेणं ही कामं कंपनीकडे. हे शेवटचं काम कुणाला आवडत नाही, पण सरकारच मोजणार, सरकारच भरणार आणि निवडणूक तोंडावर असणार, अशा वेळी काट्याकडे तिऱ्हाईत नजरेने बघणारं कुणी तरी हवं.

याच्या उलट उदाहरणही देते. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू ही विम्याला अगदी सोयीची जोखीम: सुटी सुटी, मोजायला सोपी. कित्येक वर्षं राज्य सरकार त्यासाठी कंपन्यांना हप्ता देत होतं. मी ज्या कंपनीत होते तिथे हे दावे माझ्या टेबलावर यायचे. साप चावून गेलेल्या एका माणसाचा दावा व्हिसेरा अहवाल नाही म्हणून आम्ही दीड वर्ष अडकवून ठेवला. त्याची बायको फेरफाराचा उतारा, पोलीस पंचनामा, पुन्हा फेरफार असं करत तीनदा तालुक्याला गेली. नियमाने आमचं चुकत नव्हतं आणि तरी ते चूक होतं. एप्रिल २०२३ पासून राज्याने कंपन्या बाजूला केल्या आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत मृत्यूला दोन लाख रुपये स्वतः द्यायला सुरुवात केली. राज्याएवढ्या मोठ्या संस्थेला असे सुटे धोके पेलायला कुणाच्या गंगाजळीची गरज नसते. कंपनीला हप्ता देण्यात फक्त मधला खर्च वाढतो आणि वाद वाढतात. जोखीम विमायोग्य आहे म्हणून विमा घ्यायलाच हवा असं नाही, हे मी त्या टेबलावर शिकले.

शेवटी तुमच्यासाठी व्यवहाराचं. येत्या खरिपात तुमच्या मंडळातल्या प्रयोगांचे गट क्रमांक आणि कापणीची तारीख कृषी कार्यालयात विचारून ठेवा. गावपातळीवर त्यासाठी सरपंच, पोलीस पाटील, शेतकरी प्रतिनिधी अशी समिती असते. तुमचं दुकान चालतं त्यामुळे तुम्हाला माणसं ओळखतात, त्या समितीत जा. कापणीच्या दिवशी हजर राहा. काट्यावर काही ठेवण्याआधी तो शून्य दाखवतो का ते बघा, एक किलोचं प्रमाणित वजन दुकानातून घेऊन जा आणि ठेवून बघा. कर्ण ११.१८ भरतो का ते मोजायला सांगा. दाणा ओला असेल तर तसं पंचनाम्यात लिहून घ्या आणि वाळल्यावरचं वजन पुन्हा नोंदवायचा आग्रह धरा. डागी दाण्याचा फोटो काढा. आज तो भरपाईत धरत नाहीत, पण दहाही प्लॉटांचे असे फोटो जिल्हास्तरीय तक्रार निवारण समितीपुढे ठेवता येतात. आणि ओढ्याकाठच्या त्या चार एकरांत, जमलं तर, सोयाबीनऐवजी पाणी सोसणारं दुसरं काही घेता येईल का ते तुमच्या कृषी सहायकाला विचारा, कारण त्या तुकड्याची जोखीम सध्याच्या योजनेत कुणीही घेतलेली नाही.